अणुबॉम्बच्या कादंबऱ्यांना कच्चा माल कुठून आला?

पहिल्या अणुबॉम्बवर कादंबरी लिहायची तर पदरचे फारसे काही घालावे लागत नाही, असे वाटते. न्यू मेक्सिकोतल्या लॉस अलामॉसच्या पठारावरची मुलांची निवासी शाळा सरकारने ताब्यात घेतली आणि 1943 पासून तिथे कुंपणाआड बॉम्ब बनवणाऱ्या शास्त्रज्ञांचे एक गुप्त गाव वसले. पत्ता एकच: सांता फे, पोस्टपेटी क्रमांक 1663. तिथे जन्मलेल्या बाळांच्या दाखल्यावरही जन्मठिकाण म्हणून हीच पेटी! पण हा सगळा ऐवज लेखकांच्या हाती एकदम लागला नाही. कागद हप्त्याहप्त्याने बाहेर आले आणि हप्त्यागणिक गोष्ट बदलत गेली.

पहिला हप्ता सरकारनेच दिला. हिरोशिमाला आठवडाही उलटला नव्हता, तोच 12 ऑगस्ट 1945 रोजी भौतिकशास्त्रज्ञ हेन्री स्माइथ यांचा बॉम्बनिर्मितीवरचा अधिकृत अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात भौतिकशास्त्र भरपूर होते, कारण त्यातले बरेचसे आधीच जगजाहीर होते. गाळले गेले ते खरे कारागिरीचे काम. अणुभट्टीतून आलेले प्लुटोनियम, म्हणजे बॉम्बचे इंधन, साध्या तोफेच्या रचनेत (एक तुकडा दुसऱ्यावर झाडायचा) चालणार नाही, हे 1944 मध्ये कळल्यावर ते चारी बाजूंनी स्फोटकांनी दाबून चिरडायचे ठरले. त्यासाठी स्फोटकांचे ओतीव ठोकळे हवे होते आणि त्यात हवेचे बुडबुडे राहत. बॉम्बच्या पहिल्या चाचणीच्या काही दिवस आधी रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज किस्तियाकोव्स्की दाताच्या डॉक्टरांचे ड्रिल घेऊन रात्रभर बसले, ठोकळ्यांना भोके पाडून त्या पोकळ्यांत वितळलेले स्फोटक भरत. अहवालात यातले काहीच नव्हते. फळ्यावर समीकरण सुटले आणि बॉम्ब झाला, हे चित्र लोकांच्या डोक्यात बसले त्यात या अहवालाचा मोठा हात आहे.

दुसरा हप्ता 1950 चा. लॉस अलामॉसमधला भौतिकशास्त्रज्ञ क्लाउस फुक्स याने सोव्हिएत संघासाठी हेरगिरी केल्याची कबुली दिली. सहकाऱ्यांची मुले सांभाळणारा, नाकासमोर चालणारा हा अबोल माणूस 2 जून 1945 रोजी सांता फेच्या एका पुलापाशी सोव्हिएतांचा निरोप्या हॅरी गोल्डला भेटला होता. रस्ता विचारावा लागू नये म्हणून गोल्डने शहराचा नकाशा मिळवला होता. तोच नकाशा पाच वर्षांनी एफबीआयला त्याच्या घरी पुस्तकांच्या कपाटामागे सापडला. कादंबरीत असे लिहिले असते तर संपादकाने खोडले असते.

मग 1954. लॉस अलामॉस प्रयोगशाळेचे प्रमुख राहिलेल्या ओपेनहायमर यांच्यावर गुप्त माहितीबाबत विश्वास ठेवावा का, हे ठरवणाऱ्या सुरक्षा-सुनावणीचे सुमारे हजार पानांचे इतिवृत्त सरकारने छापले. साक्षीदारांना गुप्ततेचा शब्द दिला होता, तरीही! लेखकांना आयते संवाद मिळाले आणि तेव्हापासून अणुबॉम्बची गोष्ट म्हणजे ओपेनहायमरची गोष्ट झाली. (गीतेतला ‘कालोऽस्मि’ चाचणीच्या क्षणी त्यांच्या तोंडी घालायचा मोह कुणाला आवरत नाही. तो श्लोक मनात आला, असे त्यांनी 1965 मध्ये टीव्हीवर सांगितले. शेजारी असलेल्या त्यांच्या भावाला मात्र, ‘जमलं’ अशा अर्थाचे काहीतरी ते बोलल्याचे आठवत होते.)

सर्वांत मोठा हादरा 1990 च्या दशकात बसला. सोव्हिएत तारांची उकल केलेले व्हेनोना कागद खुले झाले आणि लॉस अलामॉसमधल्याच टेड हॉल या तरुण भौतिकशास्त्रज्ञाचे नाव पुढे आले. अवघ्या 19 व्या वर्षी त्याने आपणहून रशियनांशी संपर्क साधला होता, आणि त्याच्यावर कधी खटलाही झाला नाही. फुक्सला मध्यभागी ठेवून रचलेली कथानके एका फटक्यात अपुरी पडली. 2019 मध्ये ऑस्कर सेबोरर या तिथल्याच आणखी एका हेराचे नाव निघाले, म्हणजे यादी अजून बंद झाली असे समजायचे कारण नाही.

माझ्या मते या कादंबऱ्यांची खरी उणीव मात्र वेगळीच आहे. ज्यांचे कागद, त्यांचीच गोष्ट. सॅन इल्डेफोन्सो प्वेब्लो या जवळच्या मूलनिवासी वस्तीतल्या बायका रोज बसने वर येऊन शास्त्रज्ञांची घरे झाडत, पण कथेत त्या बहुधा चहाचा ट्रे ठेवून निघून जातात. पठारावरच्या शेतकऱ्यांना जमिनीवरून उठवले गेले. त्यांच्यासाठी एक कोटी डॉलरचा निधी मंजूर झाला तो 2004 मध्ये. 16 जुलै 1945 च्या पहाटे चाचणीस्थळाच्या आसपासच्या वस्त्यांना कुणी आधी सावध केले नाही. वर, दारूगोळ्याचे कोठार उडाले, असे लष्कराने वर्तमानपत्रांना कळवले. किरणोत्साराच्या भरपाईच्या केंद्रीय कायद्यात न्यू मेक्सिकोच्या या रहिवाशांना जागा मिळाली ती थेट 2025 मध्ये.