एसएनडीटी महिला विद्यापीठ : देणग्यांवर उभे राहिलेले पदवी शिक्षण

महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी 1916 मध्ये स्थापन केलेले भारतातील पहिले महिला विद्यापीठ. 1951 मध्ये त्याला कायद्याने विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तोवरची सुमारे 35 वर्षे येथील मुलींचे पदवी शिक्षण मुख्यतः लोकांनी दिलेल्या पैशावर चालले.

पैसा लोकांकडूनच का उभारावा लागला, याचे उत्तर शिक्षणाच्या माध्यमात आहे. मुंबई विद्यापीठाशी संलग्न व्हायचे तर इंग्रजीतून शिकवणे भाग होते. कर्वे यांना मुलींना मातृभाषेतून शिकवायचे होते; इंग्रजी विषय सक्तीचा, पण माध्यम नव्हे. संलग्नता सोडली की सरकारी मान्यता गेली, आणि मान्यतेसोबत पदवीचा नोकरीच्या बाजारातला भावही गेला. मातृभाषेतून पदवी घेण्याची मोकळीक खऱ्या अर्थाने देणगीदारांनी मिळवून दिली, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पदवीचे नावही बी.ए. नव्हते, ‘गृहीतागमा’ होते. रा. गो. भांडारकर हे पहिले कुलपती. पुण्याजवळच्या हिंगण्याला महाविद्यालय सुरू झाले तेव्हा विद्यार्थिनी होत्या अवघ्या पाच.

पाच मुलींच्या फीमधून प्राध्यापकांचे पगार निघणे शक्यच नव्हते. कर्वे वर्गणी गोळा करत गावोगाव फिरत. त्यांना लोकांनी पैसे दिले, कारण हा माणूस आधी स्वतःचे देतो हे त्यांनी पाहिले होते: हिंगण्याच्या विधवाश्रमासाठी त्यांनी आपली 5,000 रुपयांची विमा पॉलिसी देऊन टाकली होती.

1920 मध्ये मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी 15 लाख रुपयांची देणगी जाहीर केली. जपानमधील महिला विद्यापीठ त्यांनी स्वतः पाहिले होते, आणि कर्वे यांना विद्यापीठाची कल्पना सुचली तीही जपानच्याच विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून. ठाकरसींच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठाला देण्यात आले : श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. आज आपण ज्याला सहज ‘एसएनडीटी’ म्हणतो, ते एका आईचे नाव आहे.

एवढ्या मोठ्या रकमेचे मोल तिच्या व्याजात असते. साडेतीन टक्क्यांनी 15 लाखांचे वर्षाला 52,500 रुपये होतात. मूळ रकमेला हात न लावता दरवर्षी पगार, ग्रंथालय, वसतिगृह यांची सोय होते. किरकोळ वर्गणीचे तसे नाही. ती दरवर्षी नव्याने मागावी लागते. मात्र सारी भिस्त एकाच देणगीदारावर ठेवणे संस्थेला धोक्याचे असते, म्हणून कर्वे यांनी वर्गणी मागणे कधीच थांबवले नाही. सत्तरी ओलांडल्यावर ते युरोप, अमेरिका, जपान आणि त्यानंतर आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेले. मोंबासा, झांझिबार, युगांडा इथल्या भारतीय व्यापाऱ्यांनी, ज्यांच्या मुली हिंगण्याला कधी येणार नव्हत्या, त्यांनीही हातभार लावला.

विद्यापीठाचे मुख्यालय 1936 मध्ये मुंबईला हलले. सरकारी अनुदान पुढे सुरू झाले, तरी शिष्यवृत्त्या, पारितोषिके आणि इमारती यांसाठी देणग्या येत राहिल्या. कायदेशीर दर्जा मिळाल्यावरच्या पहिल्या कुलगुरू होत्या विठ्ठलदासांच्या पत्नी, लेडी प्रेमलीला ठाकरसी.