गप्प मूल म्हणजे रुळलेले मूल नव्हे

‘बालगृहात आलेले मूल पंधरा दिवसांत रडायचे थांबले, म्हणजे ते रुळले, लहान मुले लवकर विसरतात’ हा समज वर्षानुवर्षे फिरत आहे आणि तो बहुधा मुलांच्या मायेपोटीच बाळगला जातो.

वस्तुस्थिती अशी की, रडणे ही हाक असते. हाकेला ओळखीचे माणूस येत नाही, हे अनुभवाने कळले की मूल हाक मारणेच सोडते. दुःख मात्र तसेच राहते आणि शरीरातून किंवा वागण्यातून बाहेर पडते. सुटलेली सवय परतून आठ वर्षांचे मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागते, उशीखाली पोळीचा तुकडा लपवते, कारण नसताना वारंवार पोट दुखते. किशोरवयात हेच दुःख चिडचिडीच्या रूपात दिसते आणि त्याला आपण सहज ‘उद्धटपणा’ म्हणून मोकळे होतो, हे मला फार खटकते.

पडताळा घेणे अवघड नाही. मूल रडते का, यापेक्षा ते खेळते का, सलग झोपते का आणि गुडघा फुटल्यावर कोणाकडे धावते, हे काही आठवडे पाहावे. कोणाकडेच धावत नसेल, तर समुपदेशकाला दाखवावे. बाल न्याय अधिनियम, 2015 खालील नियमांनुसार प्रत्येक मुलाचा वैयक्तिक काळजी आराखडा करावा लागतो आणि त्यात भावनिक व मानसिक आधाराची स्वतंत्र नोंद असते. ती नोंद नुसती ‘ठीक’ अशी असेल, तर काय पाहून तसे लिहिले, हे विचारावे.