मिनीचे ब्रेक: इंजिन वाढत गेलं, चाक दहा इंचांचंच राहिलं

मिनी या छोट्या ब्रिटिश गाडीच्या जुन्या मॉडेलमध्ये १२७५ सीसीचं मोठं इंजिन घालायचं ठरलं, की आधी पुढच्या चाकाच्या आत डोकवावं. तिथे ब्रेकला किती जागा आहे, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. या गाडीच्या ब्रेकचा इतिहासही त्या जागेचाच आहे.

२६ ऑगस्ट १९५९ रोजी मिनी बाजारात आली तेव्हा इंजिन ८४८ सीसीचं, ताकद ३४ अश्वशक्ती, वजन साधारण ६०० किलो आणि कमाल वेग ताशी ११६ किलोमीटरच्या आसपास होता. गाडीचे रचनाकार अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी गाडीतली जागा वाचवण्यासाठी चाकं १० इंचांची घेतली आणि डनलॉपने त्यांच्यासाठी खास टायर बनवले. एवढ्याशा चाकात ७ इंचांचे ड्रम (चाकाबरोबर फिरणारी पोकळ भांडी, ज्यांच्या आतून शू दाबून गाडी थांबते) बसले, तेही चारही चाकांना. त्या वेगाला ते पुरेसे होते.

१९६१ मध्ये मिनी कूपर आली. रेसिंग गाड्या बनवणाऱ्या जॉन कूपर यांच्या आग्रहातून ९९७ सीसी, दोन एसयू बनावटीचे कार्ब्युरेटर आणि ५५ अश्वशक्ती असा ऐवज तयार झाला. वेग १३७ च्या घरात गेला. आकडा फार वाढलेला दिसत नाही, पण थांबताना ब्रेकने पचवायची उष्णता वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणजे पूर्ण वेगातून थांबायचं तर ड्रमवर सुमारे ४० टक्के जास्त भार. ड्रम तापला की फुगतो आणि लायनरपासून, म्हणजे शूवरच्या घर्षणाच्या अस्तरापासून, लांब जातो, त्यामुळे पेडल खाली खाली जातं. लायनर स्वतः तापला की त्याची पकड सुटते. मग पेडल दगडासारखं लागतं आणि गाडी मात्र पुढे जात राहते. चारही चाकांना ड्रम असलेली फियाट घेऊन घाट उतरलेल्यांना ही अवस्था सांगावी लागत नाही.

उपाय म्हणून पुढच्या चाकांना लॉकहीडच्या ७ इंची डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या चकत्या, ज्यांना दोन्ही बाजूंनी पॅड चिमटतात) बसवल्या. कल्पना जुनी होती. बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्येच डिस्कब्रेकचं पेटंट घेतलं होतं, आणि १९५३ मध्ये ल मांच्या शर्यतीत डनलॉपच्या डिस्क लावलेल्या जग्वारने बाजी मारून तिचा कस दाखवला होता. पण कूपरच्या या पहिल्या डिस्कबद्दल तक्रारीच जास्त झाल्या, आणि त्या रास्त होत्या. ड्रमचा पुढचा शू चाकाच्या फिरण्याबरोबर ओढला जाऊन आपणहून आणखी घट्ट बसतो, म्हणजे अर्धं काम तोच करतो. डिस्कच्या पॅडला ही फुकटची मदत नाही, सगळा जोर पायानेच लावायचा. त्यात डिस्क लहान आणि पातळ.

१९६३ च्या कूपर एसमध्ये हे दोन्ही दोष दूर केले. १०७१ सीसी आणि ७० अश्वशक्तीच्या इंजिनासोबत डिस्क साडेसात इंचांची आणि जाड झाली, शिवाय पायाला साथ द्यायला व्हॅक्यूम सर्वो आला. १० इंची चाकात कंपनीने याहून मोठी डिस्क कधीच बसवली नाही. याच मांडणीवर कूपर एसने १९६४, १९६५ आणि १९६७ ची माँटे कार्लो रॅली जिंकली.

पुढची पायरी चाक मोठं झाल्यावरच शक्य झाली. १९७४ मध्ये मिनीच्याच १२७५ जीटी मॉडेलला १२ इंची चाकं आणि ८.४ इंचांची डिस्क मिळाली, आणि १९८४ पासून साध्या मिनीलाही तीच.

आज बदल करणाऱ्यापुढे हेच टप्पे पर्याय म्हणून उभे असतात. जुनी १० इंची चाकं ठेवायची असतील तर कूपर एसचा साडेसात इंची संच घ्यावा. बाजारात ७.९ इंचांचे चार पिस्टनचे संचही मिळतात, पण ते ठरावीक रिममध्येच बसतात. विकत घेण्याआधी कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) आणि रिममधलं अंतर मोजून घ्यावं. ८.४ इंची हवी असेल तर चाकं १२ इंचांची लागतातच. ऑस्टिन मेट्रो या गाडीचे चार पिस्टनचे कॅलिपर त्यात चालतात, मात्र जुन्या मेट्रोच्या कॅलिपरला ब्रेक ऑइलच्या दोन नळ्या येतात, त्या एकत्र जोडाव्या लागतात.

नुसती डिस्क आणि कॅलिपर आणून भागत नाही. हब (चाक ज्यावर बसतं तो भाग), ड्राइव्ह फ्लँज आणि सीव्ही जॉइंट (चाकाला इंजिनाची ताकद देणारे जोड) हे तिन्ही डिस्कवाल्या गाडीचेच हवेत. हबच्या नटाला ड्रमच्या गाडीपेक्षा दुपटीहून जास्त पीळ लागतो. टॉर्क रेंचशिवाय अंदाजाने आवळला तर बेअरिंग लवकर जातं.

घोटाळा होतो तो बहुतेक मागच्या ब्रेकमध्ये. जोरात ब्रेक दाबला की वजन पुढे झुकतं आणि मिनीचा मागचा भाग मुळातच हलका. मागे जुने व्हील सिलिंडर (ब्रेक ऑइलच्या दाबाने शू ढकलणारे) तसेच ठेवले तर मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी गर्रकन फिरते. म्हणून पुढे बसवलेल्या डिस्कला जुळणारे कमी व्यासाचे सिलिंडर आणि मागचा दाब रोखणारा व्हॉल्व्ह हवाच. मागच्या ड्रमच्या बॅकप्लेटवरचा (शू धरणाऱ्या पत्र्यावरचा) चौकोनी डोक्याचा, शू जवळ-लांब करणारा अ‍ॅडजस्टर बहुतेक गाड्यांत गंजून बसलेला असतो. साधा पाना घातला की त्याचे कोपरे झिजतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून, चौकोनी पान्यानेच तो फिरवावा. चाक जेमतेम अडेपर्यंत आवळून मग ते मोकळं फिरेल इतपत सोडावा. हे केलं नाही तर पुढे कितीही महागडी डिस्क असली तरी पेडल लांबच जाणार, आणि लोक उगाच मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलजवळचा ऑइलला दाब देणारा भाग, बदलत बसतात.

ब्रेक ऑइल डॉट ४ या प्रतीचं घालावं. कोरडं असताना ते किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी शोषल्यावर मात्र हा आकडा १५५ पर्यंत उतरू शकतो, म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलावं. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून झाल्यावर नवे पॅड रुळवायला मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून २० पर्यंत दहा वेळा वेग उतरवावा, पूर्ण न थांबता. प्रत्येक वेळेनंतर डिस्क थंड व्हायला थोडं अंतर चालवावं. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून गाडी उभी ठेवली तर पॅडचा ठसा डिस्कवर बसतो आणि पेडल पायाखाली थरथरू लागतं.