मिठाला रेणू असतो, पण भट्टीत

‘मिठाला रेणू नसतो’ हे आपण शाळेत घोकलेलं असतं. स्फटिकापुरतं ते खरंच आहे. तिथे प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड, प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम. कोण कोणाचा जोडीदार हे सांगताच येत नाही. पण ८०१ अंश सेल्सिअसला वितळलेलं मीठ आणखी तापवलं, की वाफेत एक सोडियम-एक क्लोरीन अशा सुट्या जोड्या सापडतात. वाटेकरी नसल्यामुळे जोडी घट्ट होते: स्फटिकातलं ०.२८२ नॅनोमीटरचं अंतर ०.२३६ वर येतं.

ही जोडी सेकंदाला सुमारे ११ लाख कोटी वेळा ताणली-आखडली जाते. एक टोक धन, दुसरं ऋण, त्यामुळे त्याच वारंवारतेचा अवरक्त प्रकाश ती शोषते. तरंगलांबी साधारण २७ मायक्रोमीटर. हे पाहायला भट्टीतल्या वाफेतून लेसर सोडायचा, त्याची तरंगलांबी हळूहळू सरकवायची आणि भट्टीपलीकडे प्रकाश कुठे घटतो ते टिपायचं.

खरी मजा गर्दीत आहे. रेणू कंप पावता पावता गिरक्याही घेतो आणि गिरक्यांच्या ऊर्जेला पायऱ्या असतात. ९०० अंशांच्या पुढे सर्वाधिक रेणू चाळिसाव्या पायरीच्या आसपास असतात, म्हणजे एका कंपनाच्या जागी शेकडो रेषा (प्रत्येक रेषा म्हणजे प्रकाश शोषला जाणारी एक नेमकी तरंगलांबी). त्यात तिनांतले जवळपास दोन रेणू आधीच कंप पावत असतात आणि कंपनाच्या पुढच्या पायरीवरची त्यांची उडी किंचित लहान असते, म्हणून रेषांचा आणखी एक संच, मग आणखी एक. शिवाय क्लोरीन ३५ आणि ३७ अशा दोन वजनांचा. जडवाला थोडा संथ. हे जंगल विंचरता येतं, कारण एकेका रेषेची जाडी शेजारणीपर्यंतच्या अंतराच्या तीनशेव्या भागाहूनही कमी असते आणि लेसर त्याहून बारीक.

भट्टी स्वतःही अवरक्तात झगझगते. म्हणून लेसरची वारंवारता किंचित झुलवतात आणि त्याच तालावर बदलणारा संकेत तेवढा उचलतात. वाफ थंड खिडक्यांवर पोहोचली तर पांढरी पुटं चढतात. मध्ये आर्गॉन वायू भरून ती अडवावी लागते.

(मिठाच्या खड्यात बल्ब बसवलेला दिवा त्या बल्बच्या उबेने हवेत ‘आयन सोडतो’ म्हणणाऱ्यांनी भट्टीचं तापमान पुन्हा वाचावं.)

२०१९ मध्ये चिलीतल्या अल्मा दुर्बिणीला मृग तारकासमूहातल्या एका तरुण, वजनदार ताऱ्याभोवतीच्या तबकडीत मिठाच्या वाफेच्या रेडिओ रेषा सापडल्या. त्यांत कंप पावणाऱ्या रेणूंच्याही होत्या.