६१७४ आणि १४२८५७ : काप्रेकर स्थिरांक कोणता, काप्रेकर संख्या कोणती?

६१७४ चं कोडं व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरत येतं आणि खाली कुणीतरी हमखास लिहितं, 'हीच ती काप्रेकर संख्या'. घोळ तिथेच होतो. ६१७४ हा काप्रेकर स्थिरांक. काप्रेकर संख्या हे प्रकरण वेगळं. दोन्ही शोध देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र काप्रेकर (१९०५–१९८६) यांचेच, म्हणून नावांची गल्लत.

स्थिरांक आधी उरकून टाकू. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतो आणि मग जागचा हलत नाही, कारण ७६४१ − १४६७ = ६१७४. चूक होते ती शून्यापाशी. २१११ मधून १११२ गेले की उरतात ९९९. ते ०९९९ असं लिहायचं. शून्य गाळलं तर पुढच्याच वजाबाकीत हाती भोपळा. ठेवलं तर ८९९१, ८०८२, ८५३२ आणि मग ६१७४.

काप्रेकर संख्येत असा प्रवासच नाही. संख्येचा वर्ग करायचा, त्याचे डावा-उजवा असे दोन तुकडे पाडायचे, त्यांची बेरीज मूळ संख्येइतकी आली की झालं. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. (उजवा तुकडा नुसत्या शून्यांचा चालत नाही, नाहीतर १०, १०० सगळेच रांगेत येऊन उभे राहतील.) ६१७४ चा वर्ग ३८११८२७६. कुठेही तोडून बघा, बेरीज ६१७४ होत नाही. म्हणजे काप्रेकरांचा सगळ्यात गाजलेला आकडा काप्रेकर संख्या नाहीच!

मला विचाराल तर खरी देखणी १४२८५७. १ ला ७ ने भागताना दशांशचिन्हापुढे फिरून फिरून येते तीच ही. तिचा वर्ग २०४०८१२२४४९. तुकडे २०४०८ आणि १२२४४९, बेरीज बरोब्बर १४२८५७. हा योगायोग नव्हे. या संख्येची सातपट ९९९९९९, आणि तिच्यातून १ काढला की १४२८५६, म्हणजे ७ × २०४०८. म्हणून १४२८५७ × १४२८५६ हा गुणाकार होतो २०४०८ × ९९९९९९. त्यात १४२८५७ मिळवले की वर्ग तयार. आता २०४०८ वेळा ९९९९९९ म्हणजे २०४०८ वेळा दहा लाख, वजा २०४०८. तेव्हा वर्गात डावीकडे २०४०८ बसणार आणि उजवीकडे उरणार १४२८५७ − २०४०८, म्हणजेच १२२४४९. दहा लाखांतून हिला वजा केलं तर ८५७१४३ येते, तीही काप्रेकर संख्याच. करून बघा.

आता हिलाच वजाबाकीच्या घाण्याला जुंपू. सहा अंकांत न हलणाऱ्या संख्या दोन आहेत, ५४९९४५ आणि ६३१७६४. पण १४२८५७ दोन्हींकडे फिरकत नाही. ८७५४२१ − १२४५७८ = ७५०८४३. पुढे ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६, ८५१७४२, आणि परत ७५०८४३.