पाच टप्प्यांचा खजिना: जीपीएसची चूक साठत जाते का?

जिओकॅशिंगमध्ये कुणीतरी एक डबा लपवतो, त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो आणि बाकीच्यांनी जीपीएस रिसीव्हर घेऊन तो शोधायचा, आत वही असते तिच्यात नाव-तारीख टाकायची आणि डबा होता तसाच परत ठेवायचा. हा खेळ सुरू कधी झाला ते अगदी तारखेनिशी सांगता येतं. अमेरिका जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम गडबड करायची, ती २ मे २००० ला बंद केली, आणि तोवर शंभरेक मीटर चुकणारे रिसीव्हर एकदम दहा-वीस मीटरवर आले. दुसऱ्याच दिवशी ऑरेगनमध्ये डेव्ह अल्मर यांनी एक बादली लपवून तिचे आकडे इंटरनेटवर टाकले.

खरी मजा मला मल्टी-कॅशमध्ये वाटते. पहिल्या जागेवर डबा नसतोच, तिथे दुसऱ्या जागेचे आकडे मिळतात, तिथून तिसऱ्याचे, आणि वही एकदम शेवटी. नवीन माणूस इथे हमखास विचारतो की रिसीव्हर दर टप्प्याला पाच-सात मीटर चुकत असेल तर पाचव्या टप्प्यापर्यंत पंचवीस-तीस मीटरचा घोळ होणार ना?

तसं होत नाही. रिसीव्हर मागच्या टप्प्यापासून पुढचं अंतर मोजत नसतो, तो प्रत्येक वेळी सॅटेलाइटचे सिग्नल ऐकून नव्याने जागा काढतो. साधारण २०,२०० किमी उंचीवरचे हे सॅटेलाइट सतत वेळ सांगत असतात, सिग्नल पोचायला किती वेळ लागला त्यावरून अंतर निघतं, तीन अंतरांवरून जागा ठरते आणि हातातल्या यंत्राचं घड्याळ स्वस्तातलं असतं म्हणून त्याची चूक काढायला चौथा सॅटेलाइट लागतो. सेकंदाच्या एक अब्जांश भागाची चूक झाली तरी अंतरात ३० सेंटिमीटरचा फरक पडतो, हे कितीही वेळा वाचलं तरी मला थक्क व्हायला होतं. म्हणजे पाचव्या टप्प्यावरही चुका दोनच, लपवणाऱ्याने मोजताना झालेली आणि तुमची आत्ताची.

एका प्रकारात मात्र चूक खरंच पुढे सरकते. टप्प्यावर पुढच्या जागेचे आकडे न देता "इथून २४० अंशांवर ३०० मीटर" असं लिहिलेलं असतं तेव्हा. दिशेत एक अंश चुकलात तर ३०० मीटरवर पाच मीटर बाजूला जाता, आणि सुरुवातच सहा मीटर चुकीच्या जागेवरून केली असेल तर तीही चूक सोबत येते. म्हणून आपण उभे आहोत ती जागा धरायची नाही, त्या टप्प्याचे जे आकडे आधी दिलेत त्यांच्यावरूनच रिसीव्हरमध्ये पुढचा बिंदू काढायचा, बहुतेक हँडहेल्डमध्ये ती सोय असते. होकायंत्रावर तर कोकणात जरा जपूनच विसंबावं. राजापूर तालुक्यात देवाचे गोठणे इथल्या कातळशिल्पाजवळ सुई भरकटते, बऱ्याच लोकांनी ते स्वतः पाहिलंय. रिसीव्हरमधलं इलेक्ट्रॉनिक होकायंत्रही चुंबकीय क्षेत्रच मोजतं त्यामुळे तेही अशा ठिकाणी फसतं, जागेचे आकडे मात्र बरोबरच राहतात कारण रेडिओ सिग्नलला त्या चुंबकत्वाशी काही देणंघेणं नाही. होकायंत्र नसलेल्या रिसीव्हरचा बाण तर फक्त चालतानाच खरा, थांबलात की कुठेही फिरतो, तेव्हा दिशा हवी असेल तर सरळ वीस-तीस पावलं चालायचं.

आकडे भरताना सगळ्यात जास्त लोक अडकतात. समजा पहिला टप्पा रत्नागिरीत आहे, उत्तर १६° ५९.४००' आणि पूर्व ७३° १८.६००'. यात अंश आणि दशांश मिनिटं आहेत. हेच कुणी १६.५९४ आणि ७३.१८६ अंश म्हणून भरलं तर यंत्र जवळपास ४६ किमी लांब, जैतापूरसमोर भर समुद्रात बोट दाखवेल! ५९.४ मिनिटं म्हणजे ५९ मिनिटं ४० सेकंद असं समजलात (खरे सेकंद २४) तर चूक अर्ध्या किलोमीटरची, आणि ही जास्त त्रासदायक कारण जागा पटण्यासारखी वाटते, तिथे तासभर शोधत बसता. शेवटच्या दशांशाचा एक आकडा म्हणजे जमिनीवर १.८५ मीटर, एवढं डोक्यात असलं की कुठला आकडा जपायचा ते कळतं.

पावसाने जीपीएस चालत नाही असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. ढग आणि पाऊस या सिग्नलला जवळजवळ अडवतच नाहीत, अडवतात ती भिजलेली झाडं. आमराईत, फणसाखाली आकडे उड्या मारायला लागतात, आणि उभ्या कड्याशी किंवा किल्ल्याच्या तटाशी सिग्नल दगडावर आपटून उशिरा पोचतो, मग यंत्राला वाटतं सॅटेलाइट लांब आहे. जीपीएसची चूक सुधारणाऱ्या आपल्या भारतीय 'गगन' प्रणालीने वातावरणातल्या वरच्या थरामुळे होणारी चूक बरीच कमी होते, रिसीव्हरमध्ये सोय असेल तर ती चालू ठेवाच, पण झाडाची आणि कड्याची चूक 'गगन'लाही काढता येत नाही. तिथे मोकळ्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर यायचं, आकडे स्थिर होऊ द्यायचे, दिशा-अंतर बघून ठेवायचं आणि मग आत शिरायचं. बरेच महिने बंद असलेला रिसीव्हर असेल तर घराच्या अंगणातच सुरू करून ठेवा, सॅटेलाइटचं पूर्ण वेळापत्रक डाउनलोड व्हायला साडेबारा मिनिटं लागतात.

दहा मीटरच्या आत आलात की यंत्र खिशात. आता डोळे वापरायचे, गडग्यातला (दगडी कुंपणातला) एखादा चिरा वेगळा दिसतोय का, दगड हलवल्यासारखा वाटतोय का. आणि हात घालायच्या आधी काठी, हे मी अगदी कळकळीने सांगतेय, कारण कातळावरच्या दगडाखाली फुरसं हा विषारी साप असतो आणि तो मातीच्या रंगात मिसळून जातो.

किनाऱ्यावरचा टप्पा असेल तर भरती-सुकतीची वेळ आधी कोळीवाड्यात विचारून घ्या. आज सकाळी जो खडक कोरडा होता तो उद्या त्याच वेळी तसाच असेल असं नाही, भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते.

स्वतः मल्टी-कॅश लावणाऱ्यांनी सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग असे संरक्षित किल्ले, देवराया आणि कातळशिल्पं यांच्या अंगाला हात लावू नये, तिथल्या फलकावरचं साल किंवा पायऱ्यांची संख्या वापरून पुढचे आकडे काढायला लावता येतात की! डबा पारदर्शक ठेवा, हा डबा कशाचा आहे ते त्याच्यावर मराठीत लिहा आणि जमीनमालकाला विचारा. टप्पा मोजताना एकाच वेळी दहा मिनिटं सरासरी काढून फारसा फायदा नाही कारण तेवढ्या वेळात सॅटेलाइट आणि चुका जवळपास त्याच राहतात, एकदा सकाळी आणि एकदा दुसऱ्या दिवशी दुपारी मोजा आणि दोन्हीची सरासरी द्या.