भृंगराजाच्या पहाऱ्यात

कणकुंबीच्या पुढं धुकं इतकं दाट होतं की सकाळी सातलाही झाडांचे शेंडे दिसत नव्हते. पाऊस नव्हता, तरी पानांवरून टपटप पाणी गळत होतं. मलप्रभा इथंच उगम पावून कृष्णेकडं पूर्वेला निघते आणि म्हादई याच खानापूर तालुक्यातून पश्चिमेला गोव्यात उतरते. अशा या माथ्यावर आम्ही बेळगावहून पक्षी बघायला आलो होतो. तासभर एकही दिसला नाही.

सोबतचे मामा जवळच्याच वाडीतले. म्हणाले, "गप उभारा की हितंच. आली की समदी एकदम येत्यात."

तसंच झालं. शेंड्यावर निखारांची लाल-पिवळी जोडी, खोडावर डोकं खाली करून उतरणारी मखमली शिलिंध्री, झुडपांत सातभाईंच्या कुळातली किलबिल, मध्येच स्वर्गीय नर्तकाची लांब शेपटी. पाच मिनिटांत किती बघू असं झालं! याला मिश्र थवा म्हणतात. अँडीजच्या ढगवनांत टॅनेजर पक्षीही असेच फिरतात.

एकाच झाडावर इतके जण, तरी भांडण फारसं नाही, कारण कुणी सालीतला किडा काढतो, कुणी पानामागचा, कुणी उडता टिपतो. शिवाय डोळे जास्त म्हणजे धोका लवकर कळतो. मान वर करून बघण्यातला वेळ वाचला की तो खाण्याला मिळतो.

पहारा मुख्यतः भृंगराजाचा. कोतवालांच्या कुळातला हा काळा पक्षी, शेपटीला दोन लांब तारा आणि टोकाला पाती. इतरांच्या हालचालीनं उडालेले किडे तो हवेत टिपतो, तेच त्याचं वेतन. पण मला सगळ्यात मोठं नवल वाटतं ते त्याच्या नकलांचं. ईबन गुडेल आणि सरथ कोटगम या पक्षी-अभ्यासकांनी श्रीलंकेच्या सिंहराजा जंगलात त्याच्या भाऊबंदाचा अभ्यास केला. धोका दिसला की तो इतर पक्ष्यांच्या इशाऱ्याच्या हाका काढतो, असं त्यांना आढळलं. त्याचा नकलांसह आवाज ध्वनिमुद्रणावरून ऐकवला, तेव्हा नकलांशिवायच्या आवाजापेक्षा जास्त पक्षी जवळ आले. म्हणजे हा शेजाऱ्यांशी त्यांच्याच बोलीत बोलतो. मराठी-कानडी दोन्ही कानांवर घेऊन वाढलेल्या आम्हा बेळगावकरांना हे लगेच पटतं.

अचानक शिलिंध्रीसारखी तीक्ष्ण हाक आली आणि सगळं झाड गप्प झालं. वरून शिक्रा, म्हणजे पक्षी मारून खाणारा ससाण्यासारखा शिकारी पक्षी, निघून गेला. मी दुर्बीण खोडावर फिरवत शिलिंध्री शोधत होतो. मामांनी माझा खांदा धरून मला वळवलं आणि बोट केलं. तिथं उघड्या फांदीवर भृंगराज बसला होता.